शंभर गुलाबी फिती आणि एक गाठ

ठाण्यात घोडबंदर रोडला राहणाऱ्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. वय 51. तीन वर्षांपूर्वी डाव्या स्तनाचा कॅन्सर निघाला. स्तन काढावा लागला, काखेतल्या गाठी काढल्या, मग केमो, मग रेडिएशन. आता रोज एक गोळी आणि ठरलेल्या तपासण्या, एवढंच मागे उरलं आहे. केमोच्या वेळी डे-केअरमध्ये शेजारच्या खुर्चीवर खानदेशातल्या एक बाई असायच्या. त्यांनी यांना क्रोशा शिकवला. तेव्हापासून रुमाल, तोरणं, ओळखीच्यांच्या बाळांना टोपडी असं पुष्कळ विणून झालं. "त्या सुईनंच मला वाचवलं," असं त्या लिहितात.

यंदा ऑक्टोबरात सोसायटीच्या महिला मंडळानं स्तनांच्या कॅन्सरवर कार्यक्रम ठरवला आहे. यांनी क्रोशाच्या शंभर गुलाबी फिती, म्हणजे या आजाराच्या जागृतीची खूण, विणून द्यायच्या, स्टॉल लावायचा आणि स्टेजवर येऊन आपली गोष्ट सांगायची. बॅनरवर फोटोही येणार. भिडेपोटी त्या हो म्हणाल्या आणि तेव्हापासून विणणंच बंद पडलं. सकाळी बोटं आखडलेली असतात, दुपारी सुई हातात घेतली की थोड्या वेळानं डावा हात जड होतो, रात्री वाटत राहतं की विणणं थांबलं म्हणजे आता आजार परत येणार. केमोच्या काळातला पिस्ता रंगाचा दोरा नुसता दिसला तरी मळमळतं. यजमानांचं म्हणणं, मुलीसाठी स्थळं बघतोय, आत्ताच चारचौघांत कशाला? मंडळाच्या अध्यक्षबाई म्हणतात, "तुमच्यासारख्यांनीच पुढे यायला हवं." प्रश्न दोन आहेत. नाही म्हटलं तर मी कृतघ्न ठरेन का? आणि माझा हात पुन्हा चालायला लागेल का?

पत्राच्या शेवटी, सहीच्या जरा वर, ही एक ओळ आहे: "खालच्या मजल्यावरच्या काकू विणकाम शिकायला येतात, पण सारखं माझ्या गाठीबद्दलच विचारतात, केवढी होती, दुखायची का. मी म्हणते डॉक्टरांना दाखवा. त्या हो म्हणतात आणि साखळ्या मोजायला लागतात."

प्रिय ताई,

तीन पानांच्या पत्रात काकूंना तुम्ही एक ओळ दिलीत. मी उत्तर तिथूनच सुरू करणार आहे. बाकी सगळ्याला पंधरा दिवस उशीर झाला तरी काही बिघडत नाही, या एका गोष्टीला मात्र उशीर नको.

काकू तुमच्या गाठीबद्दल विचारतच नाहीयेत, असं मला वाटतं. त्यांना स्वतःला काहीतरी लागलं आहे आणि ते तोंडावर आणायचं धाडस होत नाहीये. "दुखायची का?" हा प्रश्न तर फारच बोलका आहे. तुम्ही "हो, दुखायची" म्हणालात तर त्या सुटल्या, कारण त्यांची दुखत नसणार. आपल्याकडे कितीतरी बायका याच हिशेबानं महिने घालवतात. त्यांना स्पष्ट सांगा: स्तनातल्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात, पण ज्या असतात त्या सुरुवातीला बऱ्याचदा दुखतच नाहीत. त्यामुळे दुखतं की नाही यावरून काहीच ठरवता येत नाही. बोंड आत ओढलं जाणं, त्यातून रक्तासारखं पाणी येणं, कातडी संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत दिसणं, काखेत गाठ लागणं, यातलं काहीही असलं तरी डॉक्टरांना दाखवायचंच.

आणि आता "दाखवा" म्हणू नका. ते सगळेच म्हणतात. "मंगळवारी मी मोकळी आहे, आपण दोघी जाऊन येऊ," असं म्हणा. वार ठरवून म्हणा. ओळखीच्या सर्जनकडे जा, कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाच्या सर्जरी ओपीडीत जा, नाहीतर तुम्हाला तुमच्या उपचारांमुळे जिथली पायवाट माहीत झाली आहे तिथं न्या. ठाण्याहून परळचं टाटा कॅन्सर हॉस्पिटल स्लो गाडीनं गाठता येतं, आणि टाटाचंच खारघरचं केंद्र, ॲक्ट्रेक, ट्रान्स-हार्बरच्या पनवेल गाडीच्या वाटेवर आहे. पण पहिल्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलचं नाव काढलं तर काही बायका तिथंच मागे फिरतात. काकू तशा असतील तर आधी जवळचा सर्जनच बरा.

तिथं काय होतं ते त्यांना आधीच सांगून ठेवा. डॉक्टर हातानं तपासतात, मग मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, आणि सोनोग्राफी, आणि गरज वाटली तर सुईनं तुकडा काढून तपासायला पाठवतात. "सुई टोचली की पसरतो" हे त्यांनी कुठंतरी ऐकलेलं असेलच. पसरत नाही. पैशाची चिंता असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राचं टेबल असतं, तिथं रेशनकार्ड आणि आधार घेऊन उभं राहायचं. आणि तुमच्याकडे बघून त्यांना स्तन जाण्याची भीती बसली असेल, तर हेही सांगा की गाठ लहान असताना कळली तर पुष्कळ जणींचा स्तन वाचवून शस्त्रक्रिया करता येते.

हे सगळं तुमच्या हॉलमध्ये, दुपारच्या चहाच्या वेळी, सुई-दोरा हातात असताना होईल. एकमेकींच्या तोंडाकडे न बघता बोलता येतं, हा विणकामाचा मोठाच फायदा. लोकलच्या लेडीज डब्यात विणणाऱ्या बायकांच्या गप्पा कधी ऐकल्या असतील तर मी काय म्हणते ते कळेल. डोळे टाक्यांवर असले की जीभ सैल होते. काकू मंडळाच्या कार्यक्रमाला पहिल्या रांगेत बसल्या असत्या आणि तुमचं भाषण संपल्यावर टाळ्या वाजवून घरी गेल्या असत्या. तुमच्याकडे त्या विचारायला आल्या. तेव्हा कृतघ्नपणाचा प्रश्न इथंच मिटवून टाका. तुम्ही जे करताय त्यालाच जागृती म्हणतात.

आता तुमच्या त्या वाक्याकडे येते: सुईनं मला वाचवलं. ताई, रागावू नका, पण तुम्हाला शस्त्रक्रियेनं, औषधानं आणि किरणांनी वाचवलं, आणि तुम्ही एकही खेप न चुकवता हॉस्पिटलात हजर राहिलात म्हणून वाचवलं. क्रोशानं दुसरं काम केलं, आणि तेही लहान नव्हतं. चार-पाच तास नळी लावून बसायचं, समोरच्या पिशवीतून थेंब पडताना बघायचे, त्या वेळेत डोळ्यांना आणि बोटांना काहीतरी धरायला मिळालं. पुढचा मुका खांब, म्हणजे क्रोशाचा टाका, कुठं घालायचा एवढाच प्रश्न समोर उरला. अशा हातकामानं आणि चित्रकलेनं रुग्णांची घालमेल आणि थकवा काहीसा कमी होतो, असं अभ्यासांतही दिसलं आहे. गाठीवर त्याचा परिणाम होतो असं कुठंही दिसलेलं नाही.

हे मी एवढं ताणून सांगते त्याला कारण आहे. सुईनं वाचवलं असं एकदा धरलं, की सुई थांबल्यावर आजार परत येणार हा हिशेब आपोआप मागून येतो. तुमची रात्रीची भीती तिथूनच आली आहे. तुम्ही वर्षभर एक टाका घातला नाहीत तरी त्यानं काही परत येणार नाही. रोजची गोळी आणि तपासणीची तारीख, या दोन गोष्टी मात्र चुकवू नका. शिवाय स्टेजवरून हे वाक्य ऐकणाऱ्यांत एखादी अशीही असेल, जिला केमो नकोच आहे आणि निमित्त हवं आहे.

आता हात का चालत नाही. तुम्ही सगळा दोष मनाला देऊन मोकळ्या झालात. माझा संशय आधी शरीरावर आहे. तुम्ही गोळीचं नाव लिहिलं नाहीत, पण या वयात बऱ्याच जणींना लेट्रोझोल किंवा ॲनास्ट्रोझोल दिलेली असते, आणि या गोळ्यांनी सांधे धरतात. विशेषतः हाताची बोटं आणि मनगटं, आणि विशेषतः सकाळी. अगदी तुम्ही लिहिलं आहे तसं. पुढच्या तपासणीची वाट न बघता डॉक्टरांना सांगा. ते व्यायाम सांगतात, वेदनेवर औषध देतात, कधी त्याच गटातली दुसरी गोळी बदलून देतात. स्वतःहून गोळी मात्र बंद करायची नाही. "दोन महिने सोडून बघितली" असं सांगणाऱ्या बायका भेटतात म्हणून मुद्दाम लिहिते. काही केमो-औषधांनी बोटांची टोकंही बधिर होतात आणि ते पुष्कळ दिवस रेंगाळतं. सुई बोटाला नीट कळत नसेल तर तेही सांगा.

डावा हात जड होणं हा वेगळा मामला आहे. तुमच्या काखेतल्या गाठी काढल्या आहेत, त्यामुळे त्या हातातला द्रव पूर्वीसारखा वाहून जात नाही. क्रोशात सुई उजव्या हातात असली तरी दोऱ्याचा ताण डावा हात धरतो. कोपर अधांतरी, बोटं ताठ, तासन्‌तास एकाच जागी. कोपराखाली उशी घ्या. वीसेक मिनिटांनी सुई खाली ठेवा, हात खांद्याच्या वर न्या, मूठ उघडझाप करा. बांगडी किंवा अंगठी घट्ट व्हायला लागली, कातडी तटतटली, तर हॉस्पिटलच्या फिजिओथेरपिस्टला दाखवा; सूज लवकर धरली तर आटोक्यात राहते. हात लाल, गरम झाला आणि ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. रक्तदाब आणि रक्त काढणं दुसऱ्या हाताला, हे तुम्हाला माहीतच असेल. शिवणकाम करणाऱ्या वाचकांसाठी एवढंच, की अंगुस्तान घातल्याशिवाय सुई धरू नका. केमो चालू असताना पांढऱ्या पेशी कमी असतात आणि टोचलेलं बोट पिकायला वेळ लागत नाही. त्या काळात बोथट टोकाची क्रोशाची सुई शिवणाच्या सुईपेक्षा निर्धास्त.

पिस्ता रंगाच्या दोऱ्याचं म्हणाल तर तो देऊन टाका. केमोच्या काळातल्या वस्तू, वास, रंग पुन्हा समोर आले की पोटात ढवळणं ही डॉक्टरांना चांगली ठाऊक असलेली गोष्ट आहे. शरीरानं मळमळीची आणि त्या रंगाची सांगड घातली आहे. त्याच्याशी झुंजत बसू नका. जांभळी नाक्याच्या बाजारात जा, कधी हात लावला नाही असा रंग आणा, जमलं तर दोऱ्याचा जाडपणाही बदला.

आणि मग मनाचा भाग. तो आहेच, पण तुम्ही समजता तसा नाही. पहिल्या वर्षी तुम्ही जे विणत होतात त्याची कुणी वाट बघत नव्हतं. चुकलं तर उसवायचं. अर्धा रुमाल झाल्यावर कंटाळा आला तर तोही उसवायचा, दोरा गुंडाळून ठेवायचा. त्या उसवण्यातच तुमची विश्रांती होती. शरीराबाबतीत काहीच मागे नेता येत नव्हतं, इथं नेता येत होतं. आता शंभर फिती, सगळ्या एका मापाच्या, एका छटेच्या, अमुक तारखेच्या आत. ही ऑर्डर झाली. ऑर्डर घेणं वाईट नाही. घोडबंदर रोडलाच घरून विणून, शिवून महिन्याचे पैसे मिळवणाऱ्या बायका आहेत आणि ते चोख काम आहे. पण जे काम तुम्ही जीव शांत व्हावा म्हणून धरलंत, त्यालाच तारखेला जुंपलंत आणि वर समाजाचं ऋणही त्याच्याच पाठीवर टाकलंत. तो बैल बसला तर नवल नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की दोन कामं वेगळी करा, अगदी टोपल्यासुद्धा दोन. एका टोपलीत जे असेल ते कुणाला द्यायचं नाही, विकायचं नाही, त्याचा फोटो स्टेटसला टाकायचा नाही, यजमानांनी विचारलं "हे काय होणार?" तर "माहीत नाही" म्हणायचं. वाकडं झालं तर वाकडं. दुसऱ्या टोपलीत लोकांसाठीचं काम, आणि त्यात किती घ्यायचं ते तुमच्या डाव्या हाताला विचारून.

आता मंडळ. तुमच्या मंडळाला फीतच हवी आहे, तर फितीची हकीकत ऐका. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात शार्लट हेली नावाच्या एक बाई होत्या. आजी, बहीण आणि मुलगी, तिघींना स्तनांचा कॅन्सर झालेला. त्या घरी जेवणाच्या टेबलावर बसून पीच रंगाच्या फिती करायच्या आणि पाच-पाच फितींबरोबर एक कार्ड देऊन वाटायच्या. कार्डावर मागणी होती: देशाच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेच्या पैशांतले फक्त 5 टक्के प्रतिबंधावर खर्च होतात, ही फीत लावा आणि लोकप्रतिनिधींना जागं करा. 1992 मध्ये एका मासिकानं आणि एका मोठ्या प्रसाधन कंपनीनं ती फीत आपल्या मोहिमेसाठी मागितली. बाई नाही म्हणाल्या; त्यांना ते फार बाजारू वाटलं. मग रंग बदलून गुलाबी केला गेला आणि गुलाबी फीत जगभर पोचली. कार्डावरची मागणी काही पोचली नाही.

तर ताई, पहिली फीत घरीच, हातानं झाली होती आणि तिच्यावर काय हवं ते रोखठोक लिहिलेलं होतं. ती करणाऱ्या बाईंनी नकारही दिला होता. त्यांना कुणी कृतघ्न म्हणत नाही.

अध्यक्षबाईंना विचारा, फीत लावून घरी गेलेल्या बाईनं दुसऱ्या दिवशी काय करायचं? याचं उत्तर कार्यक्रमात नसेल तर शंभर काय, हजार फिती विणून उपयोग नाही. मुंबईतलाच दाखला आहे. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी 1998 पासून वस्त्यांमधल्या दीड लाखावर स्त्रियांचा वीस वर्षं मागोवा घेतला. काही वस्त्यांत प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हातानं स्तनांची तपासणी केली. बाकीच्यांत कॅन्सरची माहिती दिली आणि भेटी चालू ठेवल्या, पण ही तपासणी नव्हती. 2021 मध्ये निष्कर्ष छापून आले. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत तपासणीच्या गटातले स्तनांच्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी कमी होते. पन्नाशीच्या आतल्यांत तसा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं. यंत्र नाही, फक्त शिकवलेला हात आणि दोन वर्षांनी पुन्हा यायचा नेम.

"स्वतःच स्वतःची तपासणी करा" असं प्रात्यक्षिक कार्यक्रमात असेलच. असू दे, आपलं शरीर ओळखीचं असावं. पण तेवढ्यावर भिस्त ठेवू नका. शांघायच्या कापड गिरण्यांतल्या 2 लाख 66 हजार स्त्रियांवर याचा मोठा अभ्यास झाला होता; ज्यांना नीट शिकवलं होतं त्यांच्यातही मृत्यू कमी झाले नाहीत. बदल दिसला की लगेच जायचं, आणि बदल दिसला नाही तरी ठरलेल्या काळानं शिकलेल्या हाताकडून तपासून घ्यायचं, या दोन्ही गोष्टी लागतात. आपल्याकडे सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्या स्त्रियांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी आहे. महापालिकेच्या जवळच्या आरोग्य केंद्रात ती कोणत्या वारी होते हे मंडळातल्या कुणीतरी जाऊन विचारून आलं, तर तीच माहिती बॅनरवर घालता येईल. तुमच्या फोटोच्या जागी. तेवढी जागा पुरते.

मला विचाराल तर ऑक्टोबरपेक्षा संक्रांतीचं हळदीकुंकू जास्त कामाचं. ऑक्टोबरात नवरात्र, पाठोपाठ दिवाळी, बायकांना श्वास घ्यायला फुरसत नसते आणि गुलाबी रंग नवरात्रातच नेसून झालेला असतो. हळदीकुंकवाला बायका मुद्दाम वेळ काढून येतात आणि वाण घेऊन जातात. वाण म्हणून दहा-दहा जणींची नावं आणि तपासणीचा वार लिहिलेलं कार्ड द्या, सोबत स्टीलची वाटी हवी तर द्या. रथसप्तमीपर्यंत हे चालतं, आणि 4 फेब्रुवारीचा जागतिक कॅन्सर दिन कधी कधी त्यातच येतो. एकच अट घाला: ज्यांना आपण एरवी हळदीकुंकवाला बोलावत नाही त्या नवरा गेलेल्या बायकांनाही बोलवायचं. तब्येतीकडे दुर्लक्ष करण्यात त्या सगळ्यांत पुढे असतात आणि त्यांना "चला" म्हणणारं घरात बहुधा कुणी नसतं.

मंडळातल्या हातांना काम हवंच असेल तर फितींपेक्षा गरजेच्या वस्तू खूप आहेत. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर बाई घरी येते तेव्हा पुष्कळदा जखमेतलं पाणी बाहेर काढणारी नळी आणि तिची बाटली लटकत असते. ती गाऊनला सेफ्टी पिननं अडकवून फिरावं लागतं, आंघोळीला, झोपेत ओढ बसते. लांब बंदाची छोटी सुती झोळी शिवायला अर्धा तास लागतो. पुढून उघडणारे, सैल बाह्यांचे सुती ब्लाउज. शस्त्रक्रियेनंतर हात वर जात नाही तेव्हा मागच्या हुकांचा काय छळ होतो ते तुम्हाला सांगायला नको. केस गेल्यावर घालायच्या मऊ सुती टोप्या, आतून शिवण टोचणार नाही अशा. आणि ब्लाउजला आतून खिसा, ज्यात कृत्रिम स्तन सरकवता येतो. कितीतरी जणी हातरुमालाची घडी नाहीतर कापूस भरतात. तो चालताना वर सरकतो आणि बाई सारखा पदर सावरत राहते. सुती दोऱ्यानं विणलेले, आत हलका कृत्रिम कापूस भरलेले स्तन मुंबईत स्वयंसेविका विणून मोफत देतात. वजनाला हलके, धुता येतात, घाम टिपतात. जखम पूर्ण भरल्यावर, डॉक्टरांना विचारून वापरायचे. हे काम तुम्हाला जमेल, पण आधी गोळीचं आणि हाताचं बघा. आणि काहीही करून नेण्याआधी हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागाला फोन करा. न विचारता नेलेल्या वस्तूंचे गठ्ठे तिथल्या कपाटावर पडून राहतात, आणि रुग्णांना खरोखर हवं असतं ते निराळंच काहीतरी.

स्टेजचं शेवटचं. अध्यक्षबाईंना फार कारणं देऊ नका, कारणं दिली की त्यावर तोडगे येतात. "मी स्टेजवर बोलणार नाही आणि फोटोही नको. फिती होणार नाहीत. ज्यांना एकटीनं विचारायचं असेल त्यांना माझ्याकडे पाठवा, आणि झोळ्या शिवायला चौघी मिळाल्या तर मी कापून देईन." एवढं पुरे. पुढे कधी स्वतःहून बोलावंसं वाटलं तर बोला. पण आपलं दुखणं चारचौघांत मांडायचं की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवायचं असतं. बरं झालेल्या प्रत्येक बाईनं ते मांडलंच पाहिजे, असा काही नियम नाही.

मात्र यजमानांच्या कारणासाठी गप्प बसू नका. त्यांची भीती मी समजू शकते. त्यांनी लग्नाच्या बाजारात मुलीच्या नावापुढे काय काय जोडलं जातं ते पाहिलं असेल. तरी दोन गोष्टी त्यांना सांगा. स्तनांच्या कॅन्सरपैकी घराण्यातून जनुकांवाटे येणारे शंभरात पाच ते दहाच असतात. तुमचा त्यातला आहे का, जनुकांची चाचणी करायला हवी का, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. तुमच्या माहेरी कुणाला होता का ते आठवून जा. दुसरं, मुलीला सगळं माहीत असायलाच हवं, कारण आईला झाला असेल तर मुलीची तपासणी लवकर सुरू करतात. बऱ्याचदा आईला ज्या वयात निघाला त्याच्या दहा वर्षं आधी, म्हणजे तुमच्या मुलीच्या बाबतीत अडतिशीच्या सुमारास. नक्की केव्हा ते डॉक्टर ठरवतील. स्थळाला कधी आणि किती सांगायचं ते मुलीला ठरवू द्या. माझं मत विचाराल तर बोलणी पक्की होण्याआधी तिनं स्वतः मुलाला सांगावं. तुमचा फोटो बॅनरवर नसणं ही एक गोष्ट, आणि घरात शस्त्रक्रिया झालीच नव्हती असं नाटक लग्नाच्या मांडवापर्यंत नेणं ही दुसरी.

रात्रीची भीती आठवड्यातून तीन-चार वेळा येत असेल, झोप आणि जेवण उडालं असेल, तर विणकामावर सोडू नका. तुमच्या हॉस्पिटलात समुपदेशक असतील, आणि 14416 या टेलि-मानसच्या, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनच्या, क्रमांकावर मराठीतही बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

हे सदर वाचणाऱ्या घरच्यांसाठी थोडं. "हिला काहीतरी विणायला आणून द्या, मन रमेल" असं म्हणत दोऱ्याची पिशवी रुग्णाच्या उशाशी ठेवू नका. जिला आयुष्यात कधी सुई आवडली नाही तिला केमोत आवडेल असं नाही. तिला वहीत रेघोट्या ओढायच्या असतील, जुने फोटो लावायचे असतील, किंवा नुसतं छताकडे बघत पडायचं असेल. कुंड्यांची आवड असेल तर पांढऱ्या पेशी कमी असण्याच्या दिवसांत माती दुसऱ्यानं हाताळावी. आणि तिनं मागितलाच दोरा, तर जाड, सुती आणि फिकट रंगाचा आणा. काळ्या, गडद दोऱ्यात थकलेल्या डोळ्यांना टाके दिसत नाहीत. रंग कोणता ते तिलाच विचारा, दुकानातून फोटो पाठवून.